एका हातानं निघणारं चाक

अनया आणि निषाद,

निषाद, तू मागवलेलं पार्सल पाच दिवसांपूर्वी आलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन चकचकीत दांड्या आहेत, टोकाला वाकडी मूठ असलेल्या. तू फोनवर सांगितलंस की डिसेंबरात आलास की पहिल्याच दिवशी बाबांच्या सायकलीचे ते जाडजूड नट काढून टाकणार आणि चाकं पुन्हा होती तशी करणार. तू आता त्या सायकलीच्या उंचीचा झाला आहेस, म्हणजे हक्कही तुझाच. व्हिडिओवर सायकल पाहून तू म्हणालास, "आजी, आबांनी हिची बैलगाडी का करून ठेवली?" अनयाही हसली. आबा त्या वेळी माझ्या मागेच उभे होते. तेही हसल्यासारखे झाले आणि आत निघून गेले. तुम्हाला ते दिसलं नसेल.

म्हणून तुम्ही यायच्या आत हे लिहिते आहे. गेल्या हिवाळ्यात तुम्हाला आम्ही एवढंच कळवलं होतं की काशिनाथ आजोबा सायकलवरून पडले, आता बरे आहेत. ते खोटं नव्हतं. पण ते पुरेसंही नव्हतं.

इकडे थंडी पडायला लागली आहे. सकाळी फिरायला गंगापूर रस्त्यानं पुढे गेलं की द्राक्षबागांतून धूर येताना दिसतो. पारा फार उतरला की बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, मण्यांना थंडी बाधू नये म्हणून. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काहीतरी जळतं आहे. जवळ गेलं की कळतं, काहीतरी वाचवणं चाललं आहे. पूर्वी मला तो धूर आवडायचा. ओल्या काटक्यांचा, जरासा कडवट वास शालीत बसायचा आणि दुपारपर्यंत राहायचा. यंदा तो पहिल्यांदा आला तेव्हा मी वाटेतूनच परत फिरले.

आपल्या घराचा एक जुना नियम तुम्हाला ठाऊक आहे. वाचायचं मी, करायचं आबांनी. मी तीस वर्षं नाशिक रोडच्या एका कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. आबांनी तेवढीच वर्षं सातपूरच्या कारखान्यात लेथवर काढली. शाळेत त्यांचं इंग्रजी जेमतेम झालेलं. मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, औषधाची बाटली आली की तिच्यासोबतचा कागद माझ्याकडे येणार. मी वाचून मराठीत सांगायचं आणि आबांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचं. यात कधी कुणाला कमीपणा वाटला नाही. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षीच आम्ही स्टोव्हचा कागद असाच वाचला होता. वाचलेले सगळे कागद मी फायलीत लावते, फायलीवर नाव घालते. कपाटाचा तो खण उघडून तुम्ही किती हसायचात. प्रेशर कुकरचीसुद्धा फाईल.

गेल्या वर्षी तुम्ही गेलात त्या जूनमध्ये तुमच्या बाबांनी आपली सायकल आबांना दिली. गाडी सामानानं भरलेली, विमानाची वेळ होत आलेली. तुमच्या बाबांनी पुढच्या चाकाच्या मधली दांडी झटकन उघडून दाखवली, चाक काढलं, लावलं, दांडी बंद केली. "बाबा, बघा, एका हातानं निघतं. पाना लागत नाही." आबा तेव्हा गाडीच्या पलीकडून अनयाची बॅग बांधत होते. त्यांनी मान हलवली. त्यांना काय दिसलं असेल, कोण जाणे. सायकलीसोबतचं छोटं पुस्तक तुमच्या बाबांनी माझ्या हातात दिलं. "आई, हे ठेव." मी ठेवलं. तुम्ही गेल्यावर घर इतकं रिकामं झालं होतं की मी त्या आठवड्यात सगळी कपाटं लावून काढली. त्या पुस्तकाची फाईल केली, तिच्यावर 'सायकल' असं सुवाच्य लिहिलं, आणि पुस्तक न वाचता आत घातलं. आबांनी एकदा विचारलंही होतं. मी म्हटलं, "फायलीत आहे. वाचते सावकाश."

आबा रोज सकाळी सहाला निघायचे. गोवर्धनच्या शिवारात काशिनाथभाऊंचा मळा. शेवंती, झेंडू, कडेला कोथिंबीर. दोघं एकाच शाळेतले. काशिनाथभाऊंची सायकल लोखंडी, मागं रुंद कॅरिअर, घंटी वाजत नाही पण बाकी सगळं वाजतं. दोघं गिरणाऱ्याच्या रस्त्यानं जायचे आणि परत येताना मळ्यावर चहा घ्यायचे. काशिनाथभाऊ आबांच्या सायकलीची रोज टिंगल करायचे. पहिल्यांदा आपल्या घरी आले तेव्हा दांडीकडे बोट दाखवून म्हणाले, "वहिनी, ही सायकल नाय, नखरा हाय. चाकाला कधी कुणी खिट्टी लावतं का? दाराला लावत्यात."

तेव्हापासून आमच्या घरात तिला खिट्टीच म्हणू लागले.

खंडेनवमी आली. कारखान्यातली ती सवय आबांनी निवृत्तीनंतरही मोडलेली नाही. त्या दिवशी प्रत्येक हत्यार खोलायचं, पुसायचं, तेल द्यायचं, परत जोडायचं, पूजा करायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. पाने, पक्कड, व्हर्निअर, माझी शिलाई मशीन, सगळं ओसरीत रांगेत. त्या वर्षी सायकलही होती. आबांनी दोन्ही चाकं काढली. मला ते फार कौतुकानं बोलावून दाखवत होते, "खरंच एका हातानं निघतं गं." तारा पुसल्या, चाकं परत बसवली. मागच्या चाकाची दांडी कशी कोण जाणे नीट दाबली गेली. पुढची मात्र त्यांनी नट पिळतात तशी गोल गोल फिरवली. घट्ट होईपर्यंत फिरवली आणि तशीच सोडली. काशिनाथभाऊंनी पाठवलेल्या झेंडूची माळ हँडलला घातली. मी कुंकू लावलं. दांडीला, चाकाला, सगळीकडे.

मुलांनो, ज्या माणसानं आयुष्यभर आट्यांवर नट चढवले, त्याच्या बोटांना फिरणारी वस्तू दिसली की ती फिरवायचीच असते. ती दांडी फिरते, हे खरं आहे. फिरवल्यावर घट्टही वाटते. पण चाक तिच्या फिरण्यानं धरलं जात नाही. ती उलटी दाबून बंद करावी लागते, तेव्हा ती चाकाला दोन्ही बाजूंनी आवळते. हे हातांना आपोआप कळण्यासारखं नाही. हे कुणीतरी सांगावं लागतं. सांगणारा कागद आमच्या घरात होता.

दसरा झाला, दिवाळी झाली. त्या दिवसांकडे आता मागं वळून पाहते तेव्हा मला सगळीकडे तो आवाज ऐकू येतो. अंगणात ब्रेक दाबला की पुढून एक बारीक 'टक्' यायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. रोज सहाला एकदा, आठला परत आल्यावर एकदा. मला तो आवडायला लागला होता, कारण दुसरा म्हणजे आबा आले. काशिनाथभाऊंनी एकदा विचारलं होतं, हे काय टकटकतंय? आबा म्हणाले होते, नव्या सायकली बोलतातच. तरी ते रोज निघताना खिट्टीला हात लावून बघायचे, सैल लागली तर अर्धा फेरा पिळायचे. कार्तिकात ती रोज सैल लागायला लागली. आबांना वाटायचं, थंडीनं. धातू आकसतो, असं ते मला समजावून सांगायचे, आणि मी चहा गाळता गाळता ऐकायची. मार्गशीर्षात गुरुवारची पूजा मांडताना मला खिडकीतून ती दांडी खाली लोंबलेली दिसायची, मान टाकल्यासारखी. मी पोथी वाचत असायची.

चाक ज्यात बसतं त्या चिमट्याला टोकांशी लहानसे उंचवटे असतात, चाक सहज निसटू नये म्हणून. खंडेनवमीपासून संक्रांतीपर्यंत त्या दोन नखाएवढ्या उंचवट्यांवर आबा चालले होते. आबा खड्डे चुकवत सावकाश जायचे, म्हणून ते पुरले.

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसातला आबांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"सुधा, चाक गेलं."

मला वाटलं पंक्चर. मी विचारलं, कुठे आहात? ते परत म्हणाले, "चाक गेलं, सुधा." मी काशिनाथभाऊंचं विचारलं. मागून कुणीतरी गाडी थांबवा, गाडी थांबवा असं म्हणत होतं.

नंतर कळलं ते असं. गिरणाऱ्याकडून परत येताना उतार लागायच्या आधी काशिनाथभाऊ थांबले. सहा-सात महिने टिंगल केलेल्या त्या सायकलीवर एकदा बसायची त्यांना हौस आली. आबांनी सायकल दिली. मित्र बसणार म्हणून खिट्टी नेहमीपेक्षा जास्त पिळली, पूर्ण दोन फेरे, आपल्या हातानं. काशिनाथभाऊ जोरात निघाले. सत्तरीचा माणूस, पण उतारावर पाय उचलून पोरासारखे ओरडत गेले म्हणे. खाली गतिरोधक होता. सायकल उडाली आणि खाली येताना पुढचं चाक तिच्यासोबत आलं नाही.

आबांनी आधी चाक पाहिलं. ते एकटंच रस्त्यानं सरळ चाललं होतं, अजिबात न डुगडुगता. मग कडेच्या बागेत शिरलं, आणि धुरात दिसेनासं झालं. ते दिसेनासं होईपर्यंत आबा त्याच्याकडेच बघत होते. एवढं एक ते स्वतःला अजून माफ करत नाहीत. रस्त्यावर पडलेल्या माणसाकडे त्यांची नजर नंतर गेली.

काशिनाथभाऊ नऊ दिवस दवाखान्यात होते. पहिले तीन दिवस शुद्धीत नव्हते. संक्रांतीला मी त्यांच्या घरी गेले नाही, तिळगुळाचा डबा तसाच राहिला.

ते पडले त्याच दिवशी दुपारी, आबा दवाखान्यात असताना मी कपाट उघडलं. फाईल पहिल्या प्रयत्नात हाताशी आली. माझं काम असंच असतं. तिसऱ्या पानावर चौकटीत जाड अक्षरांत लिहिलं होतं: दांडी नटासारखी फिरवून चाक घट्ट करू नये. ती उलटी दाबावी. दाबताना तळहातावर खूण उमटेल इतका जोर लागला पाहिजे. वाचायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

संध्याकाळी आबा आले, हातपाय धुऊन बसले, तेव्हा मी त्यांचे तळहात पाहिले. मळ होता, जुने घट्टे होते. दांडीची खूण नव्हती.

मी फाईल परत जागेवर ठेवली होती.

आबांनी त्यानंतर कशालाच हात लावला नाही. काशिनाथभाऊ शुद्धीवर आले, घरी आले, तरीही नाही. बाथरूमचा नळ गळत होता, त्यांनी प्लंबरला बोलावलं. आमच्या घरी प्लंबर येण्याची ती पहिली वेळ. माझ्या चष्म्याचा स्क्रू निघाला, तो त्यांनी दुकानात नेऊन दिला. एका दुपारी ते म्हणाले, "दोन फेरे जास्त पिळले होते गं मी. तरी सुटलं. हात गेले माझे." मी समोर शेंगा सोलत होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, थंडीनं आखडले असतील, शेक घ्या. एवढं इंग्रजी शिकून, एवढं वाचून, वेळेवर मला हे सुचलं. आबांचे हात निर्दोष आहेत हे जगात फक्त मला ठाऊक होतं आणि मी ते फायलीत लावून ठेवलं होतं. रोज वाटायचं, आज सांगू. मग ते इतके थकलेले दिसायचे की वाटायचं, उद्या. त्यात दया किती होती आणि भीती किती, याचा हिशेब मी अजून लावू शकलेले नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी आबांनीच सायकल आणि बागेतून सापडून आलेलं चाक ओसरीत आणलं. म्हणाले, एका हातानं निघतं ते माझ्या घरात नको. या चाकाला भरीव एक्सल घालतो, दोन्हीकडे नट. नट मला कळतो. आणि मग नेहमीसारखं म्हणाले, "त्याचं कुठं काही लिहिलेलं असेल तर वाच." मी फोनवर शोधून ठेवलं.

पुढच्या चाकाचं काम चार दिवस चाललं. मूळचा एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला आस, पोकळ असतो, बासरीसारखा, त्याच्या पोटातून दांडी जाते. तो खिशात घालून आबा सातपूरला गेले. दुकानातला भरीव एक्सल घेऊन पाहिला तर जुने कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारे निमुळते नट, त्याच्यावर दोन आटे चढून अडकायचे. आटेच वेगळे. दुकानदार म्हणाला, काका, हे बाहेरचं आहे, जमायचं नाही, चाकच नवीन घाला. आबा ऐकून बाहेर पडले आणि तिथंच मागं त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची शेड आहे, तिथं गेले. लेथवर स्वतः उभे राहिले. पोकळ एक्सलच्या आट्यांशी जुळणारे आटे नव्या सळईवर पाडले, आणि सळई दोन्हीकडे अंगठ्याच्या पेराएवढी लांब ठेवली, चिमट्याबाहेर नट बसायला. घरी येऊन माझ्या हातात दिली तेव्हा ती अजून कोमट होती. मला वाटलं, हात परत आले. आणि त्याच क्षणी वाटलं, आता गप्प राहिले तरी चालेल. हा विचार मला आला, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

चौथ्या दिवशी जोडणी होती. ओसरीत वर्तमानपत्र, त्यावर कोन, वॉशर, लॉकनट, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं मांडलेले. वाटीत रॉकेल, रॉकेलात छर्रे. आबांनी हबच्या, चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या, एका बाजूला ग्रीस भरलं, दहा छर्रे मोजून बसवले, दुसऱ्या बाजूला दहा. मी पायरीवर बसून वाचत होते. लिहिलं होतं की पोकळ एक्सलला कोन किंचित सैल ठेवावा लागतो, कारण दांडी दाबली की सगळं आवळलं जातं. भरीवला ती मोकळीक ठेवायची नाही. आबांनी मान वर केली. "दांडी दाबली की? फिरवली की नाही?"

त्यांनी सहज विचारलं होतं. मी फोन बाजूला ठेवला, आत गेले आणि फाईल घेऊन आले.

"हे पुस्तक माझ्याकडे होतं. जूनपासून." तिसरं पान मी मराठीत वाचून दाखवलं, चौकटीसकट, तळहातावरच्या खुणेसकट.

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला नाही. "तू कधी वाचलंस?"

"काशिनाथभाऊ पडले त्या दुपारी."

त्यांनी स्वतःचा मोकळा तळहात पाहिला. ग्रीसनं काळा झाला होता. मग म्हणाले, "पुढचं वाच."

मी वाचलं. एक्सल चाकात बसवला, कोन हातानं चढवले, लॉकनट आवळले, चाक फिरवून पाहिलं, जरा घासत होतं, पाव फेरा सैल केलं, परत फिरवलं. मग चिमट्यात बसवून दोन्हीकडे वॉशर, नट, आणि पंधराच्या पान्यानं शेवटचा जोर. कुठेही 'टक्' नव्हता. मागचं चाक त्यांनी दुसऱ्या दिवशी केलं. त्याचं काही वाचायला त्यांनी मला बोलावलं नाही.

पुढचं चाक झालं त्या संध्याकाळी ते मळ्यावर जाऊन काशिनाथभाऊंना सगळं सांगून आले. 'चूक माझी' असं ते म्हणाले नाहीत; 'दांडीचं मला माहीत नव्हतं, आणि कागद घरात होता,' एवढंच. काशिनाथभाऊ म्हणाले, "मला ना तुझे नट कळत्यात ना वहिनीचं इंग्रजी. उतार दिसला, बसलो. तुम्ही दोघं कशाला भांडता?" पण आम्ही भांडत नव्हतो. भांडलो असतो तर बरं झालं असतं. काही आठवडे आमच्या घरात सगळं वेळेवर होत होतं, आणि भांड्यांखेरीज कशाचा आवाज नव्हता.

काशिनाथभाऊंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. आणि डोक्याला मार लागल्यापासून त्यांना वास येत नाही. हे त्यांना स्वतःला उशिरा कळलं, चैत्रात, मोगरा लागला तेव्हा. फुलांत जन्म गेलेला माणूस ओंजळ नाकाशी धरून उभा होता, आणि मग त्यानं ती ओंजळ माझ्यापुढे केली. "वहिनी, येतोय का वास?" मी म्हटलं, येतोय. म्हणाले, "मग ठीक हाय. माल चांगला हाय." त्यांच्या सुनेनं तोंड फिरवलं. परवा मळ्याच्या बांधाला शेकोटीची ठिणगी लागून गवत धुमसत होतं. ते दहा पावलांवर शेवंती खुडत बसले होते. सून धावत आली म्हणून कळलं. तेव्हापासून त्यांना बांधावर एकटं सोडत नाहीत.

तर निषाद, त्या जाड नटांना तू हसू नकोस. दांड्या बसवायच्या की नाही, ते तू आणि आबा बसून ठरवा. त्या बसवण्यात काही वाईट नाही, नीट दाबल्या तर त्या अगदी पक्क्या असतात, हे आता मला पाठ आहे. तुझं खोकं मी कुठल्याही फायलीत लावलेलं नाही. ते जेवणाच्या टेबलावर उघडं आहे, आतला घडीचा इंग्रजी कागद बाहेर काढलेला. आबा रोज सकाळी चहाबरोबर तो घेऊन बसतात. चष्म्यावर भिंग धरतात आणि एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचतात. चार दिवसांत निम्मा झाला आहे. मी समोरच बसलेली असते. त्या कामानंतर त्यांनी मला एकदाही काही वाचून दाखवायला सांगितलेलं नाही, औषधाचा कागदसुद्धा नाही. अडलेल्या शब्दाचा अर्थ मात्र ते अजून मलाच विचारतात.